रिन्सवालचा पितळी सूर्य

"बेचाळीस!" चौकातून आरोळी उठली.

पावसाची झिमझिम सकाळपासून थांबली नव्हती. फेब्रुवारीतलं करडं आकाश चर्चच्या मनोऱ्यावर ओल्या घोंगडीसारखं टेकलं होतं. रिन्सवालचे दीडशे लोक तरीही रेनकोटांच्या टोप्या ओढून भर चौकात उभे होते आणि सगळ्यांचे डोळे एका गाडीच्या मागच्या काचेवर खिळले होते. गाडी अजून किती किलोमीटर जाईल ते सांगणारा हिरवा आकडा काचेवर होता आणि त्याच्या शेजारी, बॅटरी भरत असल्याची, लुकलुकणारी एवढीशी विजेची खूण. सकाळी दहा वाजता आकडा एकतीसवर होता. आता साडेअकरा होत आले होते.

"त्रेचाळीस!"

"ऊन कुठाय म्हणून विचारा की आता!" फोल्कर्ट ओरडला. फोल्कर्ट हा गावच्या बसमंडळाचा अध्यक्ष. त्याला इतकं खूश लोकांनी त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

गाडी होतीच तशी. पाण्याचा थेंब आडवा करून त्याला चाकं लावावीत असा आकार. छप्पर, बॉनेट, पाठ सगळं काळ्या सौरपट्ट्यांनी मढवलेलं. जगात अशी एकच, असं तिचा जनक कास्पर टेरबर्ग सांगे. तिला वायर लावायला भोक नव्हतं. टेरबर्ग पहिल्या दिवशी लोकांना गाडीभोवती फिरवून म्हणाला होता, "शोधा. सापडलं तर गाडी तुमची." शाळेतल्या पोरांनी तासभर शोधलं. सापडलं नाही.

आता या टेरबर्गविषयी. रिन्सवाल ज्यात येतं त्या फ्रीसलंड प्रांतात बाकी सगळ्या पापांना क्षमा आहे, मिरवण्याला नाही. कोणी भपकेबाज कोट घालून, दोन सहायक घेऊन, टाळ्यांची वाट बघत आला असता, तर रिन्सवालने त्याला कॉफीसुद्धा विचारली नसती. टेरबर्ग आला तो कोपराला ठिगळ लावलेल्या स्वेटरमध्ये, जुन्या सायकलवर. कॉफीबरोबर एक बिस्किट घेतलं आणि डबा दुसऱ्यांदा पुढे आला तेव्हा हात आडवा केला. त्या एका न घेतलेल्या बिस्किटावर त्याने अर्धं गाव जिंकलं.

"मी शास्त्रज्ञ वगैरे नाही हो," तो आताही हळू आवाजात सांगत होता. लोक ऐकायला पुढे सरकत होते. हळू बोलण्याचा हाच तर फायदा. "गाईवाल्याचा पोर मी. मी काही केलं नाही. मी फक्त सूर्याच्या वाटेतून बाजूला झालो."

"किती साधा माणूस!" योके कुजबुजली. तिचं केस कापण्याचं दुकान चौकातच होतं आणि सध्या ते बहुतेक बंदच असे.

चौकाच्या कडेला चाकांच्या खुर्चीत बसलेल्या हिंकेने हात वर केला. पस्तीस वर्षं गावच्या शाळेत शिकवलेली बाई. हात वर करायची सवय तिला नव्हती, करायला लावायची होती.

"मिस्टर टेरबर्ग, आमच्या छपरावर दहा पॅनल आहेत. कालच्या दिवसात त्यांनी दीड युनिट वीज दिली. तुमच्या गाडीवर फार तर तीन पॅनलांइतकी जागा. म्हणजे अर्धं युनिट, त्यात गाडी जाईल पाच किलोमीटर. काल संध्याकाळपर्यंत तुमचा आकडा सत्तेचाळीसने वर गेला होता. हे गणित मला समजावून सांगाल का?"

टेरबर्ग तिच्या खुर्चीपाशी जाऊन गुडघ्यावर बसला. लोकांना तेही आवडलं.

"बाई, तुमचे पॅनल ऊन खातात. माझे दिवस खातात. ढगाच्या पोटात उजेड दडलेला असतो, तो मोजायचं यंत्र अजून निघालेलं नाही."

"मग तो आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

"बाई," फोल्कर्ट मध्ये पडला, "ते पाहुणे आहेत."

हिंकेने हात खाली घेतला. तिचा नवरा वीबे तिच्या खुर्चीमागे उभा होता. त्याने या सगळ्यातलं अर्धंच ऐकलं होतं. वीबे खाली बघत होता.

वीबेने आयुष्यभर रस्त्यांना विटा बसवल्या. हा चौकही त्यानेच घातलेला, तीस वर्षांपूर्वी, माशाच्या काट्यासारख्या तिरप्या जोडणीत. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी रस्त्याने चालताना त्याची नजर कोणाच्या तोंडाकडे जाण्याआधी पायाखाली जाई. गावातल्या कित्येकांना तो चेहऱ्याने कमी आणि बुटांनी जास्त ओळखत असे.

"काय बघतोयस?" हिंकेने विचारलं.

"काही नाही. विटा पालथ्या आहेत."

"कुठल्या?"

"घरी चल, सांगतो."

पण घरी पोचल्यावर विषय निघाला तो बसचा, कारण दोघांच्या डोक्यात खरं तर तेवढंच होतं. सरकारी बस रिन्सवालला केव्हाच बंद झाली होती. गावकऱ्यांनी आठ आसनांची एक जुनी डिझेल बस घेतली होती आणि गावातलेच लोक पाळीपाळीने, बिनपगारी ती शहरापर्यंत चालवत. तिला खुर्ची चढवायला उतरती फळी होती. नोव्हेंबरात हिंकेचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा ती त्या बसने अठ्ठावीस किलोमीटरवरच्या शहरात व्यायामाला जात होती. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं: उन्हाळ्यापर्यंत एक आठवडाही चुकवलात, तर पुढे ही खुर्चीच. वीबेला दोन वर्षांपूर्वी भोवळ आली तेव्हापासून त्याचा गाडी चालवायचा परवाना गेलेला.

आणि येत्या शनिवारी सकाळी, चौकातच, बसमंडळाची सभा होती. ठराव असा की जुनी बस आणि मंडळाची शिल्लक टेरबर्गच्या हवाली करायची. बदल्यात त्याच्या पहिल्या सूर्यबसवर रिन्सवालचा हक्क. बस सोमवारी जाणार होती. सूर्यबस येणार होती शरद ऋतूत.

"मधले आठ महिने?" हिंकेने फोल्कर्टला फोनवर विचारलं होतं.

"थोडी कळ काढायला हवी, बाई. आयुष्यभर फुकट फिराल मग."

"फिरायला पाय लागतात, फोल्कर्ट. ते मी या आठ महिन्यांत कमवायचे आहेत."

त्यावर तो म्हणाला होता, "तुम्ही नेहमी उत्तर आधी मागता." चौथीत असताना तो गणितात दोनदा नापास झाला होता. हिंकेने ते बोलून दाखवलं नाही, पण फोन ठेवल्यावर वीबेला सांगितलं.

"आता सांग," ती म्हणाली. "विटांचं."

वीबेने टेबलावर साखरेचे खडे मांडले. "हे बघ. वीट तीस वर्षं चाकांखाली राहिली की वरच्या कडा गोल होतात. खालची बाजू नव्यासारखी, धारदार. कोणी वीट उपटून परत बसवली आणि त्याला अक्कल नसली, तर तो गुळगुळीत बाजू खाली घालतो. धारदार बाजू जास्त चांगली दिसते ना!"

"पण त्यांनी तो पितळी सूर्य बसवला की. त्यासाठी उपटल्याच असतील."

गाडी नेमकी कुठे उभी करायची हे दाखवायला टेरबर्गने चौकात जेवणाच्या ताटाएवढा पितळेचा सूर्य बसवून घेतला होता. गाडीची पुढची चाकं त्याच्या दोन्ही बाजूंना यायला हवीत. तिथेच म्हणे जमिनीचा कल आणि सूर्याची रेघ जुळते. त्याच्या माणसांनी तंबू ठोकून दोन दिवस काम केलं होतं. ते दोन दिवस हिंके तपासण्यांसाठी इस्पितळात होती आणि वीबे तिच्या उशाशी होता.

"ताटाएवढ्या सूर्याला सहा विटा उपटाव्या लागतात," वीबे म्हणाला. "दोन दिवस नाही, वीस मिनिटं. मी मोजल्या. सूर्यामागे, बरोबर गाडीच्या पोटाखाली, मीटरभर लांब-रुंद चौकोन पालथा आहे. आणि त्या चौकोनापासून एक पट्टा निघतो. एक वीट रुंद. सांध्यांत शेवाळ नाही, ताजी वाळू."

"कुठे जातो पट्टा?"

"जुन्या बेकरीच्या दाराशी."

जुनी बेकरी टेरबर्गने भाड्याने घेतली होती आणि तिच्या काचांना आतून कागद चिकटवला होता. या गावात लोक जेवताना, भांडताना, टीव्हीसमोर घोरताना रस्त्यावरून स्वच्छ दिसतात. पडदा ओढला तर शेजारी तब्येतीची चौकशी करतात. त्या कागदाला मात्र सगळ्यांनी 'संशोधन' म्हणून माफ केलं होतं.

"वीबे, तारेशिवाय बॅटरी भरता येते," ती सावकाश म्हणाली. "तुझा विजेवरचा दात घासायचा ब्रश कसा भरतो? त्याच्या बुडाला भोक आहे का?"

"नाही. नुसता त्या बैठकीवर ठेवतो."

"बैठकीत तारेचं वेटोळं असतं. त्यातून वीज अशी खेळवायची की शेजारच्या दुसऱ्या वेटोळ्यात आपोआप वीज उभी राहते. एक जमिनीत, एक गाडीच्या पोटात. मात्र दोन्ही समोरासमोर हवीत. जरा इकडेतिकडे झालं की संपलं."

"जरा म्हणजे किती?"

"वीतभरसुद्धा पुष्कळ."

"म्हणून तो सूर्य," वीबे म्हणाला.

"म्हणून तो सूर्य. फोल्कर्टला फोन करू?"

"तो म्हणेल, वीबेचे गुडघे आधीच गेले, आता डोकंही गेलं." वीबेने साखरेचे खडे एकेक करून परत भांड्यात टाकले. "हिंके, शनिवारी हवा कशी आहे?"

तिने पाहिलं. "स्वच्छ ऊन. वाऱ्याचा पत्ता नाही."

"छान," वीबे म्हणाला.

शनिवारी उजाडल्याबरोबर तो चौकात आला. गुडघ्यांना गाद्या बांधल्या, रबरी हातोडा, पोलादी पट्टी आणि वाळूची बादली शेजारी ठेवली. लपायचं कारण नव्हतं. रिन्सवालच्या चौकात वीबे गुडघ्यांवर दिसला तर कोणी वळून बघत नाही. योके कुत्र्याला घेऊन तिथून गेली.

"निवृत्त झालास ना रे?"

"वीट हलत होती."

"बरं केलंस. आज पाहुणे येणार आहेत." ती गेली.

वीस मिनिटांनी वीबे उठला, वाळू झाडली आणि घरी जाऊन नाश्ता केला.

दहा वाजता चौक फुलला. शेजारच्या गावांतूनही लोक आले होते. संत्र्याच्या सालीच्या केकचे तुकडे वाटले जात होते. आकाश असं निळं की महिनाभर कोणी पाहिलं नव्हतं. फोल्कर्टने टेबलावर ठराव मांडून त्याच्यावर दगड ठेवला होता. टेरबर्गची गाडी आवाज न करता आली. त्याने पितळी सूर्य दोन चाकांच्या मध्ये घेतला, नेहमीसारखा, नेमका. उतरला. स्वेटर तेच.

"ढगात तुम्ही पाहिलंत," तो हळूच म्हणाला. "आज उन्हात पाहा. मी काही बोलत नाही. तीच बोलेल."

आकडा चोवीस होता. लोक वाट बघू लागले.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. आकडा चोवीस. शेजारची वीज लुकलुकत नव्हती.

"पंचवीस!" मागून कोणीतरी उत्साहाने ओरडलं.

"कुठे पंचवीस? चोवीसच आहे."

"मला वाटलं."

टेरबर्ग आत डोकावला, बाहेर आला. बेकरीकडे एक नजर टाकली. सूर्याकडे टाकली, आधी खालच्या, मग वरच्या.

"तेवीस," योके म्हणाली. आतला हीटर चालू राहिला होता.

कुजबुज सुरू झाली. टेरबर्गने दोन्ही हात छातीवर ठेवले. "मित्रांनो, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. महिनाभर ती मंद प्रकाशावर जगली. आज एकदम एवढं ऊन. ती दिपली आहे."

"दिपली?" हिंके म्हणाली.

"नाजूक आहे ती, बाई."

"म्हणजे सूर्यावर चालणाऱ्या गाडीला ऊन सोसत नाही?"

कोणीतरी फिसकन हसलं. टेरबर्गचा आवाज आणखी खाली गेला. "शिवाय आज इथे शंका फार आहे. मला जाणवते. बाहेरगावची माणसं..."

"आम्ही काय केलं आता?" बाहेरगावचा एकजण केक खाता खाता म्हणाला.

तेवढ्यात वीबे पुढे आला. तो सभेत बोललेला कोणाला आठवत नव्हता. त्यालाही नाही.

"फोल्कर्ट, गाडी दीड मीटर मागे ढकल."

"का?"

"ढकल तर खरं."

"सूर्यरेषा मोडेल!" टेरबर्ग पहिल्यांदाच मोठ्याने बोलला आणि त्याचा खरा आवाज कसा आहे ते गावाला कळलं. पण गाडी हलकी होती, फोल्कर्ट घाबरलेला होता आणि घाबरलेल्या माणसाला कोणीतरी काम सांगितलं की बरं वाटतं. चौघांनी रेटा दिला. वीबे वाकून विटा बघत होता. "आणखी. आणखी. बास."

आकड्याशेजारची वीज लुकलुकू लागली.

चौकात जल्लोष झाला. "चालू झाली! चालू झाली!" लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. योकेने टाळ्या वाजवल्या. टेरबर्ग मात्र हसत नव्हता.

"आता पुढे ढकला," वीबे म्हणाला.

वीज विझली.

"मागे."

लुकलुकली.

"पुढे."

विझली. या वेळी जल्लोष झाला नाही.

"पितळी सूर्य मी हलवला," वीबे म्हणाला. "आज सकाळी. दीड मीटर. योकेने मला पाहिलंय."

"वीट हलतेय म्हणाला होता!" योके म्हणाली.

"हलतच होती. मीच हलवत होतो." त्याने वर बोट दाखवलं. "तो सूर्य जिथल्या तिथे आहे. हा सरकला आणि गाडी उपाशी राहिली. मग ती कशावर जगते?"

उत्तराची वाट न बघता तो गुडघ्यांवर बसला. चौघांनी गाडी पार बाजूला ढकलली आणि मधला चौकोन उघडा झाला. त्याने पोलादी पट्टी सांध्यात घातली आणि पहिली वीट वर काढली. मग दुसरी. मग माणसं स्वतःच वाकून विटा उचलू लागली. वाळूखाली काळी सपाट पेटी निघाली, शेगडीएवढी, आणि तिच्यातून मनगटासारखी जाड केबल. फोल्कर्ट ती उपटत उपटत निघाला. पालथ्या विटा एकामागून एक उलटत गेल्या आणि तो बेकरीच्या उंबऱ्याशी जाऊन थांबला. दाराला नाक लावून त्याने आत बघितलं, पण कागद होता.

"मी साधा माणूस आहे," टेरबर्ग म्हणाला. कोणी पुढे सरकून ऐकलं नाही. त्याने गाडीच्या दाराकडे हात नेला, तर तिथे योकेचा कुत्रा आणि योके दोघंही उभी होती. पोलिसांना फोन तिनेच केला.

फोल्कर्ट परत आला तेव्हा त्याचे हात काळे झाले होते. तो हिंकेसमोर उभा राहिला, चौथीतल्यासारखा.

"पण बाई, थोडी तरी उन्हावर चालत असेल ना?"

तो प्रश्न बऱ्याच जणांच्या तोंडावर होता. हिंकेने आवाज चढवला, सगळ्यांना ऐकू जावा म्हणून.

"चालते. या ऋतूत ढगाळ दिवशी पाच किलोमीटर. भर उन्हाळ्यात, गाडी हलकी आणि पट्ट्या चांगल्या असल्या, तर पन्नास. आपल्याच देशातली कॉलेजची पोरं अशा गाड्या बनवतात, रात्रंदिवस खपतात आणि एकेका किलोमीटरसाठी भांडतात. त्या पोरांना विचारा, ती तुम्हाला आकडा सांगतील, तो कसा काढला ते सांगतील आणि कुठे चुकू शकतो तेही सांगतील. सूर्य लबाड नाही. तो देतो तेवढंच देतो. आपल्या छपरावर रोज किती वीज आली हे तुम्ही सगळे फोनवर बघता. माझ्याहून जास्त वेळा बघता. मग याच्या छपराचा हिशेब कोणी का केला नाही?"

योके म्हणाली, "तो इतका साधा होता, बाई."

"साधेपणा हा पुरावा नाही, योके. स्वेटरचं ठिगळ स्वेटरविषयी सांगतं. गाडीविषयी गाडीला विचारायचं. वीबेने काय केलं? एक गोष्ट बदलली, बाकी सगळं तसंच ठेवलं आणि बघितलं. याला विज्ञान म्हणतात आणि त्याला पदवी लागत नाही. कोणी चमत्कार दाखवला तर रागावू नका, हात जोडू नका. एवढंच म्हणा: जरा बाजूला सरकवून दाखवा. खरा असेल तर सरकवल्याने त्याचं काही बिघडणार नाही."

ठराव मांडावा लागला, कारण कार्यक्रमपत्रिकेवर होता आणि रिन्सवालमध्ये पत्रिकेवरचा विषय सोडत नाहीत. बाजूने एकही हात वर झाला नाही. स्वतः फोल्कर्टने ठराव मांडला असल्यामुळे त्याला विरोधात मत देता येतं का, यावर मात्र पंधरा मिनिटं चर्चा झाली.

सोमवारी पावणेनऊला जुनी डिझेल बस धूर सोडत हिंकेच्या दारात थांबली. चालवायला फोल्कर्ट होता; पाळी त्याची नव्हती. शहरात, व्यायामाच्या खोलीतल्या दोन दांड्यांमधून हिंके त्या दिवशी खुर्ची सोडून बारा पावलं चालली. गेल्या आठवड्यात आठ चालली होती. तिच्या शेजारच्या बाकावरची म्हातारी हात जोडून म्हणाली, "चमत्कारच गं बाई!"

"नाही हो," हिंके धापा टाकत म्हणाली. "अकरा आठवडे रोज दोनशे वेळा पाय उचलला. तुम्हीही उचला, दाखवते कसा."